शेगडी आत आणायची नाही

रविवारी रात्री झोपायच्या आधी आईने घरातली झाडून सगळी भांडी पाण्याने भरून ठेवली. कुकर, दोन पातेली, पिठाचा रिकामा डबा, स्टीलची कळशी, बाळाचा आंघोळीचा टबसुद्धा. मी म्हटलं, "अगं आई, इथे नळाचं पाणी जात नाही." ती म्हणाली, "लाइट गेली की पाणी जातं. कुठंही." संगमनेर तालुक्यात बारा-बारा तासांचं लोडशेडिंग वर्षानुवर्षं काढलेल्या बाईशी मी वाद घातला नाही. खिडकीबाहेर बर्फ पडत होता. टेक्सासात राहायला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली होती, पण ऑस्टिनमध्ये असा बर्फ पाहिला नव्हता. नवरा लेकीला उचलून काचेतून दाखवत होता.

तारीख होती १४ फेब्रुवारी २०२१. लेक तीन महिन्यांची. आई माझ्या बाळंतपणासाठी ऑक्टोबरात आली होती, ऐन करोनात, तोंडाला मास्क आणि त्यावर प्लास्टिकची ढाल लावून.

पहाटे दोनच्या सुमाराला लाइट गेली. फोनवर वाचलं की राज्यात विजेचा तुटवडा आहे आणि आलटूनपालटून थोडा थोडा वेळ वीज बंद ठेवतील. "म्हणजे लोडशेडिंगच," आई म्हणाली आणि कूस वळवून झोपली. मलाही धीर आला. येईल तासाभरात, नाही तर दोन तासांत. त्या 'आलटूनपालटून' शब्दाचा मला आजही राग येतो. चार दिवस वीज येणार नाही एवढं जरी कोणी स्पष्ट सांगितलं असतं, तर सोमवारी सकाळी घर उबदार असताना, फोन भरलेले असताना, आम्ही बाळाला घेऊन बाहेर पडलो असतो. त्याऐवजी पूर्ण दीड दिवस आम्ही 'आता येईल, मग येईल' करत बसलो आणि घर आमच्याभोवती थंड होत गेलं.

गावाकडे लाइट गेली तर काय बंद पडतं? पंखा, टीव्ही, विहिरीवरची मोटर. चूल किंवा गॅस चालू असतो, पिंपात पाणी असतं, दार उघडलं की अंगण असतं. ऑस्टिनमधल्या आमच्या घरात गॅसची जोडणीच नव्हती. हीटर विजेवर, शेगडी विजेवर, पाणी तापवायची टाकी विजेवर, गॅरेजचं दारही विजेवर. आईने सकाळी उठून सवयीने चहाचं आधण ठेवायला पातेलं त्या काळ्या काचेच्या शेगडीवर ठेवलं, बटण फिरवलं, आणि दोन मिनिटं नुसती उभी राहिली. मग पातेलं उचलून पुन्हा ओट्यावर ठेवलं. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी डिंकाचे लाडू, चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी लावलेला ब्रेड खाल्ला. माझ्यासाठी दोन किलो लाडू करून ठेवले होते तिने. तीन महिने 'पुरे आता' म्हणत टाळलेले ते लाडू त्या दोन दिवसांत संपले, आणि माझं दूध त्यांच्यावरच टिकलं असं माझं पक्कं मत आहे.

थर्मोस्टॅट बॅटरीवर चालणारा होता, त्यामुळे घर किती थंड होतंय हे दर तासाला कळत होतं. सकाळी सातला ६२ फॅरनहाइट. दुपारी ५२. संध्याकाळी ४६. बाहेरचा पारा एक आकडी फॅरनहाइटपर्यंत उतरला होता, म्हणजे सेल्सियसमध्ये उणे तेराच्या आसपास. इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात, बाहेर शंभर-एकशे पाच असताना आत गार राहावं म्हणून. पाण्याचे पाइप बाहेरच्या भिंतीतून आणि पोटमाळ्यातून गेलेले. अशा थंडीचा विचार घर बांधताना कोणी केलेला नव्हता.

दुपारनंतर आम्ही घराचा पसारा आवरता घेतला. झोपायच्या खोलीला लागून कपड्यांची एक आतली खोली आहे, तिला खिडकी नाही, बाहेरची भिंतही नाही. तिथले कपडे तसेच लटकत ठेवले, खाली दोन गाद्या टाकल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबले आणि चौघं आत शिरलो. आईने येताना आणलेली गोधडी खाली अंथरली, कारण थंडी जमिनीतून वर येते. पांघरुणावर पांघरुणं घेत बसतो आपण आणि खालून गारठतो. लेकीला तिने माझ्या पोटाशी कातडीला कातडी लावून धरायला लावलं आणि वरून आपल्या जुन्या सुती लुगड्याने आम्हा दोघींना एकत्र गुंडाळलं, पण बाळाचं तोंड मोकळं राहील असं. त्या गाठीची पद्धत तिला तिच्या आईने शिकवलेली. रात्रभर आम्ही पाळ्या लावल्या, एकाने जागं राहून बाळाच्या तोंडावर पांघरूण येत नाही ना हे बघायचं. मोबाइलचा दिवा लावायचा, नाकाशी बोट धरायचं, दिवा बंद करायचा.

आईच्या माहेरच्या, सासरच्या, गावच्या शहाणपणाने आम्हाला त्या दोन दिवसांत तगवलं. पण त्याच शहाणपणातली एक गोष्ट आमचा जीव घेणार होती. खरं तर हे सगळं मी त्या एका गोष्टीसाठीच लिहायला घेतलं आहे.

सोमवारी रात्री नऊच्या सुमाराला मी बाथरूममधून परत येताना पाहिलं, तर मागच्या अंगणाचं सरकतं दार अर्धं उघडं. आई बाहेर, बर्फात, स्वेटरवर नवऱ्याचं जाकीट घालून. उन्हाळ्यात मक्याची कणसं भाजायला आम्ही वापरतो ती कोळशाची शेगडी तिने दारापर्यंत ओढत आणली होती. बाजूला कोळशाची अर्धी पिशवी आणि वर्तमानपत्राचा बोळा.

"आई, हे काय?"

"एवढी आत घेऊ. कोळसे चांगले फुलले की आणू, म्हणजे धूर नाही व्हायचा. लेकरू गारठलंय."

"नाही आणायची आत."

"अगं, तुझ्या वेळी सव्वा महिना बाजेखाली शेगडी होती. ओव्याची धुरी, वर तू नि मी. मेलीस का तू?"

मी ओरडले. बाळ जागं होईल याचाही विचार केला नाही. आयुष्यात आईवर तशी ओरडले नव्हते. नवरा उठून आला, तिने त्याच्याकडे पाहिलं, "जावई, तुम्ही तरी सांगा हिला." तो शेगडी उचलून बाहेर अंगणाच्या टोकाला ठेवून आला आणि दाराला कडी लावली. आई काही न बोलता आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

ती चुकीचं काही सांगत नव्हती. बाळंतिणीचा शेक मीही पाहिलेला आहे, आत्याच्या, चुलतबहिणीच्या बाळंतपणात. पण ते घर कौलारू होतं. कौलांच्या सांध्यांतून उजेडाचे कवडसे आत येत, दाराच्या वर झरोका, दार दिवसभर उघडं. धूर आणि धुराबरोबरचं सगळं त्या फटींतून निघून जायचं. आमचं इथलं घर डब्यासारखं बंद, खिडक्यांना दुहेरी काच, आणि फटी होत्या त्याही आम्हीच टॉवेलने बुजवलेल्या. कोळसा लालबुंद फुलला, धूर थांबला, की आपल्याला वाटतं आता काही भीती नाही. धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, ठसका लागत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. दोन रात्री जागलेल्या, थंडीने आखडलेल्या माणसाला झोप येणं यात वावगं काय वाटणार?

आणि आमच्या घरातलं या वायूचं धोक्याचं यंत्र? ते विजेवर चालतं, वीज गेली तर आतल्या बॅटरीवर. जानेवारीत ती बॅटरी उतरली तेव्हा यंत्र टिकटिक करायला लागलं, बाळ दचकून उठायचं, म्हणून नवऱ्याने बॅटरी काढून ठेवली होती. नवी घालायची राहून गेली. त्या रात्री ते यंत्र छतावर मेल्यासारखं लटकत होतं.

रात्री बाळाचे पाय हातात धरून मी पडून होते. ते गार लागत होते, आणि दारामागे कोळशाची अर्धी पिशवी होती. मी योग्य केलं की नाही, याची खात्री मला तेव्हा नव्हती.

मंगळवारी सकाळी थर्मोस्टॅटवर ४१. म्हणजे पाच सेल्सियस, फ्रीजच्या आतल्याइतकं. मराठी मंडळातल्या एका ताईंचा मेसेज आला की आमच्याकडे लाइट आहे, निघून या. त्यांचं घर आमच्यापासून सात मैलांवर, एका मोठ्या हॉस्पिटलला लागून. हॉस्पिटलच्या लाइनवर असल्यामुळे त्यांची वीज एकदाही गेली नाही. आमच्या घरात बाळाचे ओठ निळसर पडतात का बघत आम्ही बसलो असताना शहराच्या मध्यावर रिकाम्या ऑफिसांच्या इमारती रात्रभर उजळलेल्या होत्या, त्याचंही कारण हेच होतं, असं पुढे कळलं.

हे पुढे कळलेलं इथेच सांगून टाकते. टेक्सासची ग्रिड, म्हणजे वीज पुरवणारं जाळं, अमेरिकेच्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या मोठ्या ग्रिडपासून वेगळी आहे. बाहेरून वीज आणायच्या ज्या थोड्या जोडण्या आहेत त्यांची क्षमता हजार-बाराशे मेगावॅटच्या घरात, आणि त्या दिवशी कापावी लागलेली मागणी होती २०,००० मेगावॅटपर्यंत. राज्याच्या पश्चिम टोकाचं एल पासो शहर पश्चिमेच्या ग्रिडवर आहे, थंडी तिथेही होती, पण तिथे अंधार झाला नाही. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय वीज नियामकांनी चौकशीचा अहवाल दिला, त्यात टेक्सास आणि आसपासच्या राज्यांत मिळून १,०४५ वीजनिर्मिती संच बंद पडल्याची किंवा अडखळल्याची नोंद आहे. त्यातले ५८ टक्के नैसर्गिक वायूवरचे. पवनचक्क्याही गोठल्या, पण सगळं खापर त्यांच्यावर फोडलं गेलं ते खोटं होतं. वायूच्या विहिरींची तोंडं गोठली, आणि वायू ढकलणाऱ्या काही पंपांची वीजही याच कपातीत कापली गेली, म्हणजे वीज नाही म्हणून वायू नाही, वायू नाही म्हणून वीज नाही. २०११ च्या फेब्रुवारीतही टेक्सासात अशीच थंडी पडून वीज गेली होती आणि यंत्रांना थंडीसाठी तयार करा असं तेव्हाच्या अहवालात लिहिलेलं होतं. दहा वर्षं गेली मध्ये.

आणि आमची वीज आलटूनपालटून का आली नाही? हॉस्पिटलं, पाणीपुरवठा, अग्निशमन यांच्या लाइनी चालू ठेवायच्या आणि बाकीच्यांत पाळ्या लावायच्या, हा बेत. कपात इतकी मोठी झाली की बाकीच्या सगळ्याच लाइनी बंद करूनही जेमतेम भागत होतं. पाळी लावायला दुसरं कोणी उरलंच नाही. तरीही ती पहाट याहून वाईट ठरू शकली असती. ग्रिडची वारंवारिता, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, ६० हर्ट्झ असायला हवी, ती ५९.३ पर्यंत घसरली. ५९.४ च्या खाली ती ४ मिनिटं २३ सेकंद होती. हे नऊ मिनिटं चाललं असतं तर आणखी संच आपोआप बंद पडले असते आणि अख्खं राज्य कित्येक आठवडे अंधारात गेलं असतं. आई 'लोडशेडिंगच' म्हणून कूस वळवून झोपली, ती साधारण हीच मिनिटं.

निघायचं ठरलं, पण गाडी गॅरेजमध्ये आणि दार विजेचं. छताला मोटरजवळ एक लाल मूठ लावलेली दोरी लोंबकळत असते. सहा वर्षं ती डोळ्यासमोर होती, कशासाठी ते कधी विचारलं नाही. ती खाली ओढली की दार मोटरपासून सुटतं आणि हाताने वर जातं. ज्यांच्या घरी असं दार आहे त्यांनी आजच एकदा ओढून बघावं. गाडी आधी पूर्ण बाहेर काढली, मागच्या नळकांड्यापाशी साचलेला बर्फ फावड्याने सारला, तेव्हाच इंजिन तापत ठेवून बाळाला गाडीत घेतलं. बंद गॅरेजमध्ये एकदाही गाडी सुरू ठेवली नाही. घरातून निघताना नवऱ्याने रस्त्याकडेच्या लोखंडी झाकणाखालचा पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि सगळे नळ उघडून पाइप रिकामे केले. शेजारच्या घरी हे कोणी केलं नाही. गुरुवारी ऊन पडून बर्फ वितळला तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्याचा पाइप फुटला आणि छत खाली आलं.

सात मैलांना तासभर लागला. रस्त्यावर बर्फाचा काचेसारखा थर, सिग्नल बंद, चौकाचौकात आडव्या झालेल्या गाड्या. आई मागे बाळाशेजारी रामरक्षा म्हणत होती, एरवी ती मनात म्हणते, त्या दिवशी मोठ्याने.

ताईंच्या घरी आमच्याआधीच दोन कुटुंबं पोचली होती. एकूण चौदा माणसं, करोनाच्या काळात, एका छताखाली. दारात सगळ्यांनी मास्क लावले आणि दहा मिनिटांत काढले, त्याबद्दल कोणीच काही बोललं नाही. ताईंनी आईच्या हातात चहाचा कप दिला. तिने तो प्यायला नाही, बराच वेळ दोन्ही तळहातांत धरून बसली.

बुधवारी शहराचं पाणीही गेलं. शहरातल्या सगळ्यात मोठ्या जलशुद्धीकरण केंद्राची वीज गेली, दाब उतरला, आणि नळाचं पाणी उकळूनच प्या अशी सूचना आली. ज्यांच्या घरी वीज नव्हती त्यांनी ते कशावर उकळायचं, हे सूचनेत नव्हतं. ताईंच्याकडे संडासासाठी आम्ही अंगणातला बर्फ बादल्यांत भरून आणला. बादलीभर बर्फ वितळला की तळाशी दोन-तीन तांबे पाणी. आईला आमच्या घरी भरून ठेवलेली भांडी आठवत राहिली. "कळशी तरी आणायला हवी होती," असं तिने चार वेळा म्हटलं.

त्याच संध्याकाळी टीव्हीवर ह्यूस्टनची बातमी लागली. घर थंड पडलं म्हणून घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली होती. त्यातून आत शिरलेल्या वायूने एक आई आणि तिची लहान मुलगी दगावली. पाठोपाठ सांगत होते की ह्यूस्टनच्या हॉस्पिटलांत याच विषबाधेचे शेकडो रुग्ण येत आहेत, कोळशाच्या शेगड्या आत आणलेले, जनरेटर घरात चालवलेले. इंग्रजी बातम्या आईला पूर्ण कळत नाहीत. पण पडद्यावर ती काळी गोल शेगडी दाखवली, अगदी आमच्यासारखी, आणि तिने मला विचारलं काय म्हणतायत. मी सांगितलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दार थोडं उघडं ठेवलं असतं तरी?"

"तरी."

तिने बाळाला माझ्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतलं. त्या रात्री तिने तिला पाळण्यात ठेवलंच नाही.

राज्याने पुढे त्या वादळातले २४६ मृत्यू मोजले. त्यातले जवळपास दोन-तृतीयांश थंडीने, बरेचसे राहत्या घरात. विषारी वायूने गेलेले १९. मला तो आकडा वाचताना दर वेळी आमच्या मागच्या दारातला वर्तमानपत्राचा बोळा दिसतो. आपल्याकडचे आई-वडील, सासू-सासरे परदेशात मुलांकडे थंडीत येतात. हीटर कसा लावायचा, मायक्रोवेव्हमध्ये स्टील ठेवायचं नाही, हे आपण त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. ही एक गोष्टही पहिल्याच दिवशी सांगा. त्यांना उलट वाटतं, ऊब द्यायचं त्यांना माहीत आहे, आणि ते खरंही आहे. म्हणूनच कारण समजावून सांगा, कौलांचं आणि फटींचं. नुसतं 'नाही' म्हणून ओरडू नका, मी ओरडले तशी.

आमच्या घरी गुरुवारी दुपारी वीज आली, शुक्रवारी आम्ही परतलो. नवऱ्याने जाकीट न काढता स्टूल घेऊन आधी यंत्रात नवी बॅटरी घातली आणि बटण दाबून ते वाजवून पाहिलं. बाळ दचकून रडलं. कोणी तिला उगी म्हटलं नाही, आम्ही तिघंही ते वाजणं ऐकत उभे होतो.

पाणी उकळून प्यायची सूचना २३ फेब्रुवारीला उठली. तोवर आईने भरलेल्या भांड्यांतलं पाणीच आम्ही पुरवून वापरलं, पिण्याचं उकळून, भांड्यांना तसंच. माझी आई रात्रीचं पाणी सकाळी शिळं म्हणून ओतून देणारी. माठ रोज रिकामा, कळशी रोज घासलेली. नऊ दिवसांचं पाणी तिने त्या आठवड्यात झाकून, जपून, वाटी-वाटीने काढलं. २३ तारखेला नळाचं पाणी चांगलं झाल्याचं मी सांगितलं तेव्हा तिने कळशीच्या तळाशी उरलेलं पाणी बाहेर नेऊन थंडीने काळ्या पडलेल्या लिंबाच्या बुंध्याशी ओतलं, कळशी राख नाही म्हणून मिठाने घासली, आणि पुन्हा काठोकाठ भरून ठेवली.